धाकट्याचे ठोके

ताईचं काम कानांचं. वादळानंतर समुद्रतळाचं काय झालं हे बाकीचे डोळ्यांनी बघत, ही ऐकत बसे. जिवंत प्रवाळ गप्प नसतंच मुळी. झिंगे कटकट करतात, मासे गुरगुरतात, फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सारखा चालू असतो. तो टिपणारं यंत्र पाण्याखाली बसवायचा तिचा धाकटा भाऊ, पाणबुड्या. यंत्र सुरू केलं की त्यावर सुरीच्या मुठीने तीन ठोके मारायची त्याची सवय. म्हणजे, "ताई, झालं गं, आता ऐक."

मग ते मोठं चक्रीवादळ आलं. त्याआधी यंत्र वर काढायला म्हणून धाकटा गेला, तो गेलाच. देहही मिळाला नाही. आई अजून दाराला आतून कडी घालत नाही, आणि घाल म्हणायची कुणाची छाती होत नाही.

वादळाने प्रवाळाचा पार चुरा केला होता. नवं ध्वनिमुद्रण ताईने कानाला लावलं, तर त्यात काही म्हणजे काही नव्हतं. शेवटी वादळाआधी टिपलेला जुनाच आवाज तिथे रोज पाण्यात वाजवायचं ठरलं. माशांची पिल्लं आवाजाच्या मागाने घर शोधतात. फसून का होईना, येतील.

"सुरुवातीचे ठोके तेवढे काप," कचेरीच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "मासे बिचकतील."

"कापते," ताई म्हणाली, आणि कापले नाहीत. भावाचा तेवढाच आवाज उरला होता. बिचकू देत की खुशाल!

मासे आले. इतके आले की बाई हरखून गेल्या. पुढे पाण्यातला लाउडस्पीकर दुरुस्तीला काढला, तेव्हा ताईला एकदा स्वतः बघावंसं वाटलं. जन्मभर पाण्याला भ्यालेली ती. पाण्यातला चष्मा आणि श्वासाची नळी लावून, बोटीची लोखंडी शिडी घट्ट धरून तिने पाण्यात तोंड बुडवलं. भर दुपार होती. खाली सगळं राखाडी, आणि मासा एकही नाही.

काय मनात आलं कोण जाणे. तिने नावाडीकाकांकडून पाना मागून घेतला आणि शिडीवर तीन ठोके मारले.

फटीफटीतून मासे बाहेर आले. गडबड नाही, खाणं नाही. सगळे तिच्याकडे तोंड करून थांबले. धाकटा गेला तेव्हा यांतला एकही जन्मला नव्हता. तरी ते कुणाची तरी वाट बघत होते, आणि ती व्यक्ती ताई नव्हती. ते तिच्या मागे, बोटीच्या सावलीकडे बघत राहिले. ताईने मागे वळून पाहिलं. नुसतं पाणी होतं.

"काय दिसलं गं?" तिला वर ओढत काकांनी विचारलं.

"त्याची वाट बघतायत, काका."

काकांनी इंजिन सुरू केलं.

कचेरीत आल्या आल्या, ओल्या केसांनीच, तिने ठोके कापून टाकले. रडू आवरत नव्हतं. पण धाकट्याची वाट बघायला घरात दोघी होत्या, तेवढ्या पुरे होत्या.