आक्काताई उंबरा ओलांडते तेव्हा

कराडला आमचं घर एस. टी. स्टँडपासून जवळ. पाटणची गाडी सोडायची आणि विट्याची धरायची, यामधला वेळ आक्काताईआत्या आमच्याकडे काढायची. ती दारात दिसली की आई हातातलं काम थांबवून तिच्या पायांकडे बघत राही. आत्या उंबरा ओलांडून आत आली, तर सगळं ठीक. बाहेरच उभी राहिली, तर भावकीत कुणीतरी गेलं. वाईट निरोप आणणाऱ्याने तो सांगितल्याशिवाय आत यायचं नाही, पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. निम्मी घरं वर डोंगराच्या अंगाला सरकली, निम्मी विट्याकडच्या माळावर जाऊन बसली. भातखाचरातली माणसं तिथे शाळू पेरायला शिकली. देव डोंगरावरच राहिला, म्हणून चैत्रातल्या जत्रेला सगळे वर यायचे. मधलं वर्ष मात्र मुकं जायचं.

पहिल्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, डोंगराकडचे थोरले आजोबा वारले. माळावर कुणीतरी कळवलं असेल असं प्रत्येकाने धरलं, आणि कुणीच कळवलं नाही. ऐन सुतकात माळावर दिवाळी झाली. चैत्रात, जत्रेच्या पंगतीत, माळावरच्या भाऊसोकाकांना ते कळलं. आजोबा त्यांचे सख्खे चुलते. काकांनी वाढलेलं पान पुढे सारलं.

"चुलता गेला आन् आमी करंज्या खाल्ल्या. आमचं सुतक तोडलं का रं तुमी?"

एकमेकांचं सुतक लागतं तोवर माणसं एक; ते तुटलं की गावासारखी भावकीही पाण्यात गेली. आक्काताई, आजोबांची लेक, भात वाढत होती. तिने परात खाली ठेवली.

"जेव, भाऊ. हितनं म्होरं मी येत जाईन."

खरं तर रीतीने ती भावकीतली नव्हतीच. लग्न होऊन गेलेली लेक. नवरा लवकर गेला म्हणून भावाकडे, धोंडीबाकाकांकडे, राहायला आलेली. भावकीत कुणी गेलं की बाकीच्यांना दहा दिवस, हिला तीन. स्वतःच हसून म्हणायची, "मला तिनातच मोकळीक. म्हणून तर हिंडाया बरी!"

आणि ती हिंडली. सुतक असो, सोयर असो, नाहीतर काहीच नसो. जाताना पिशवीत नाचणीचं पीठ, करवंदं, येताना शाळू आणि भुईमुगाच्या शेंगा. बाबांनी एकदा सुचवलं, कार्ड टाकत जावं. ती म्हणाली, "कार्डाला इचारता येतंय व्हय, शेवटाला जवळ कोण हुतं म्हणून?"

एकदा सुट्टीत मी तिच्याबरोबर माळावर गेले होते. उन्हात पांढरी पडलेली वाट, झाड असं नाहीच. येसूकाकूंनी अंगणातूनच नवऱ्याला हाक दिली, "आवं, बघा, कोयनंचं वारं आलं!"

भाऊसोकाका गोठ्यातून बाहेर आले. "काय आक्के? सोयर का सुतक?"

"आंदी पाणी दे की गड्या!"

ती पाणी मागते आहे म्हटल्यावर काकांचे खांदे खाली आले. मग संध्याकाळपर्यंत ती सांगत बसली. कुणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसली, पाणी उतरल्यावर देवळाच्या जुन्या पायऱ्या कशा दिसतात. काका वाकळेवर पडून डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "चिंच दिसती का गं?"

"न्हाई रं. चिंच लय खाली गेली."

निघताना येसूकाकू तिच्या पिशवीत शेंगा कोंबत म्हणाल्या, "तुमचं सुतक आमाला कोण सांगंल वो, वन्सं?"

"लेकीचं कसलं सुतक? डोक्यावरनं पाणी घेतलं तरी भागतंय."

सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटेच्या भूकंपात, धोंडीबाकाकांच्या घराची भिंत आक्काताईच्या अंगावर आली. काका पाय मोडून दवाखान्यात पडले. बाबा मिळेल त्या वाहनाने वर गेले आणि सगळं उरकूनच परतले. माळावर डोंगरावरच्यांनी कळवलं असेल, असं बाबांनी धरलं. बाबा कराडचे, ते कळवतील, असं डोंगरावरच्यांनी धरलं. कळवायचं काम इतकी वर्षं तिचंच होतं. ती नसताना ते कुणाचं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

जमीन माळावरही हलली होती. भाऊसोकाका रोज फाट्यावर जाऊन गाडी बघत होते. सुतक येऊ दे, पण आक्की येऊ दे, असं येसूकाकूंना म्हणत होते. शेवटी राहवेना म्हणून पाटणला जायला निघाले, आणि कराडला उतरून आमच्या दारात आले.

आईने डोक्यावर पदर घेतला आणि ती बाजूला झाली. बाबा जागेवरून उठले आणि त्यांनी मान खाली घातली. काकांनी दोघांकडे पाहिलं आणि उंबऱ्यात टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"कवा?"

बाबांनी सांगितलं. दहा दिवस होऊन गेले होते.

"दिवस उलटून गेलं, दादा," बाबा म्हणाले. "आता आंघोळ केली की झालं. लेकीचं तेवढंच असतंय."

काका बाहेरच ओट्यावर बसले. बराच वेळ टॉवेलची घडी मोडत, घालत राहिले.

"ती कवा आमाला म्हणली का, तुमी लांबचं हायसा म्हणून?" ते म्हणाले. "आमचं आजपास्नं धरतो. पुरं दहा."

चहा न घेता ते आल्या पावली विट्याच्या गाडीकडे वळले. माळावर दहा दिवस चुलीवर तळणाची कढई चढली नाही, असं पुढे कळलं.

माघात एका दुपारी दारात सावली पडली. येसूकाकू. घामाघूम, हातात आक्काताईच्या पिशवीसारखीच कापडी पिशवी. एकटीने एवढा प्रवास त्यांनी कधी केला नव्हता. आई शेंगा सोलता सोलता थांबली. तिची नजर खाली, उंबऱ्यावर.

येसूकाकूंनी पाऊल आत टाकलं. "घाबरू नगासा, समदी बरी हायती. आंदी पाणी द्या. मग पाटणची गाडी कुठनं सुटती, तेवढं दावा."

आईने पाण्याचा तांब्या भरून आणला. काकू पीत होत्या, आणि आई त्यांच्या खांद्यावरून स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत उभी होती.