ती पनवेल सोडून का गेली

आमच्या बास्केटबॉल कोर्टाच्या एका बाजूला सिमेंटच्या सहा पायऱ्या आहेत. संध्याकाळी मुली सरावाला उतरल्या की तिथे आम्ही तिघे बसतो: बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कामोठ्यात रिक्षा चालवणारा माझा शाळेतला मित्र आणि मी. मी मंडळाचा सचिव. म्हणजे पिण्याचं पाणी भरलंय का, बॉलमध्ये हवा आहे का, कोर्टात कुणी मोटरसायकल लावली, हे बघणारा माणूस. चार वर्षं त्या पायऱ्यांवर फिरून फिरून एकच विषय निघायचा. आमच्या संघातली सगळ्यात चांगली खेळाडू पुण्याच्या क्लबकडे का गेली?

दर हंगामाआधी आमच्याकडे नोंदणीचा कागद फिरतो. जिने सही केली ती वर्षभर आमची. नाही केली तर ती मोकळी, कुठल्याही क्लबकडे जाऊ शकते. तिने सात वर्षं सही केली. आठव्या वर्षी केली नाही.

"लाकडी कोर्ट!" काका म्हणायचे. "इथे सिमेंटवर गुडघे झिजवायला वेडी आहे का ती?"

"गुडघे कसले, काका? लग्न ठरलं असेल तिकडे."

"चार वर्षं झाली. अक्षता कुठे पडल्या?"

"मुहूर्त मिळत नसेल. तुमचं पंचांग द्या की नेऊन."

मग दोघे हसायचे आणि माझ्याकडे वळायचे. "काय हो सचिव, तुम्हाला काय सांगून गेली?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "मोठी झाली ती आता." एवढंच. खोटं म्हणून कुणाला पकडता येणार नाही असं वाक्य. त्यातून त्यांना काढायचं ते त्यांनी काढलं. डोक्यात हवा गेली, पैशाला भुलली, पनवेल लहान वाटायला लागलं. मी चहा पीत राहिलो.

खरं काय घडलं ते असं.

राज्याच्या संघात तिची निवड झाली तेव्हा मंडळाने तिचा सत्कार ठेवला. व्यासपीठावर एक बिल्डर पाहुणे होते. कोर्टावर छप्पर घालायला ते मदत करतील अशी आम्हाला आशा होती. पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आणि त्यांच्यामागे सगळी भावकी. त्यांचं गाव विमानतळात गेलं, तेव्हापासून ते करंजाड्याला राहतात. कुणापुढे हात न पसरलेला माणूस. प्रास्ताविक माझ्याकडे होतं. एरवी मी फार बोलत नाही. पण हातात माइक आला, मांडव भरलेला दिसला, आणि पाहुण्यांकडे बघत मी म्हणालो, "ही मुलगी आमच्याकडे आली तेव्हा अनवाणी यायची. तिच्या पायात पहिले बूट आमच्या मंडळाने घातले."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मान डोलावली.

ती एक दिवसही अनवाणी आली नव्हती. पहिल्या दिवशी तिच्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट होते. पुढच्या महिन्यात वडील तिला घेऊन बाजारात गेले, आणि यातलं आपल्याला कळत नाही म्हणून मलाही बरोबर नेलं. मी बुटाकडे बोट दाखवलं. पैसे त्यांनी दिले. दुकानदार किंमत सांगायला लागला तर म्हणाले, "ते नंतर. पोरीच्या पायाला लागता नाय कामा, एवढं बघ." हे सगळं मला माइकसमोर उभा असताना आठवत होतं. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती.

मग वडिलांनाही शाल-नारळासाठी वर बोलावलं. ते आले, घेतलं, नमस्कार करून खाली गेले. कार्यक्रम संपल्यावर आम्ही खुर्च्या गोळा करत होतो. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर शालीची घडी होती आणि तिच्यावर नारळ. शाल मी मंडळाच्या कपाटात ठेवली. नारळ घरी आणला. बायकोने त्याचं वाटण घालून आमटी केली. मी जेवलो.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी ती आली. कागद माझ्यासमोर होता. तिने पेन उघडलं आणि तसंच हातात धरलं.

"सर, बाबांना एक फोन कराल?"

"कशाबद्दल?" मी विचारलं. कशाबद्दल ते मला समजलं होतं.

"त्या दिवशीचं. भावकीतली माणसं त्यांना बोलतात, पोरीला बूट घ्यायलासुद्धा तुझ्याकडे नव्हतं का म्हणून. तुम्ही बोललात तर बरं वाटेल त्यांना."

"अगं, भाषणात थोडं रंगवून सांगावं लागतं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

तिने पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर ठेवलं. "बरं, सर," म्हणाली आणि गेली. फोन केला असता तर एक मिनिट लागलं असतं. पण त्या मिनिटात मला 'मी खोटं बोललो' हे तीन शब्द उच्चारावे लागले असते.

यंदा पुण्याचा तो क्लब आमच्या स्पर्धेला येणार असं ठरलं आणि पायऱ्या तापल्या.

"ती उतरली की पाठ करून बसायचं," काका म्हणाले. "आणि ऑफिसातला तिचा फोटो आधी खाली काढा."

"तिचा बाप परवा माझ्या रिक्षात होता," मित्र म्हणाला. "मी सोडतोय का! म्हटलं, काय दादा, पोरीनं पनवेलला टांग मारली, आता बरं वाटतं का?"

"मग?"

"नाक्यावरच थांबव म्हणाला. घर बरंच पुढे होतं, तरी उतरला. ऊन केवढं होतं!"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सांगायला लागलो. बूट, माइक, नारळ, पेन. कोर्टावर बॉल आपटत होता.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले. मित्र म्हणाला, "चार वर्षं आम्ही इथे बडबडतोय आणि तू ऐकत बसलास? आणि मी त्या माणसाला भर रस्त्यात..." त्याने खिशातून रिक्षाची किल्ली काढली. "ऊठ. बस रिक्षात."

करंजाड्याला तिसऱ्या मजल्यावर वडिलांनीच दार उघडलं. पाणी दिलं. आधी मित्राने हात जोडले, मग मी बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे आमाला कशाला सांगता, सर? आमाला ठाऊकच हाय. जिथं बोललात तिथं बोला."

स्पर्धेचं उद्घाटन सकाळी नऊला होतं, पहिलाच सामना पुण्याचा; माणसं अजून जमायची होती. मी माइक घेतला आणि तीन वाक्यांत सांगितलं. ती कधी अनवाणी आली नाही. बूट तिच्या वडिलांनी घेतले. मी जाणूनबुजून खोटं बोललो. टाळ्या पडल्या नाहीत. समोरच्या बाकावर ती तिच्या बॅगेवर वाकली होती, काहीतरी शोधत असावी असं मला वाटलं. एकदाही तिने वर बघितलं नाही. ती कोर्टात उतरली तेव्हा कुणी पाठ केली नाही.

सामना आम्ही हरलो. रीतीप्रमाणे त्यांचा संघ हात मिळवत आमच्या बाकासमोरून गेला. माझ्यासमोर ती थांबली.

"बॅगेत फोन चालू ठेवला होता, सर. बाबांनी ऐकलं."

"काय म्हणाले?"

"समोर माणसं किती होती, ते विचारलं." तिने एकदा पायऱ्यांकडे बघितलं. "मी सांगितलं, वीस-पंचवीस."

सत्काराच्या दिवशी मी स्वतः उभं राहून चारशे खुर्च्या लावून घेतल्या होत्या. तरी मागे माणसं उभी होती.