द्रौपदीचा द

घाटकोपरच्या भटवाडीतला खंडू निकाळजे सुंदर अक्षरासाठी जीव टाकायचा. शिवदासशेठच्या वर्कशॉपमध्ये तो कोरीव कामाच्या मशिनवर होता. पितळेच्या मोठ्या अक्षराच्या खाचेतून सुई फिरवायची, की शेजारी कटर तेच अक्षर पाटीवर बारीक कोरतो. इंग्रजी अक्षरांचे संच विलायतेहून आलेले, मराठीचा मात्र वर्कशॉपात पत्ताच नव्हता. अडुसष्ट साली भांडुपच्या एका कारखान्याने पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशिनींसाठी चालू-बंदच्या मराठी पाट्या मागितल्या, तेव्हा शेठ म्हणाले, अक्षरं तूच बनव. झालं, गडी हवेत! छापील पुस्तकातली जाडबारीक वळणं, नाजूक गाठी, सगळं हौसेनं उतरवलं. त्याची बायको द्रौपदी त्याच कारखान्यात प्रेसवर होती. तिनं बायकांना मिरवून सांगितलं, आमच्या ह्यांनी केलंय.

दोन महिन्यांत त्या नाजूक गाठींत तेल आणि मळ जाऊन बसला. द्रौपदीची चाळीतली शेजारीण कमळ, तीही तिथंच प्रेसवर, एक दिवस बदलीनं दुसऱ्या मशिनवर गेली. तिथली बटणं नेमकी उलट बाजूंना. पाटी वाचायला गेली तर नुसते काळे डाग. अडकलेला पत्रा काढायला हात घालताना बंदचं समजून तिनं चालूचं बटण दाबलं, आणि करंगळी गेली.

कारखान्यानं कमळच्या घाईला बोल लावला. खंडूचं नावही कुणी घेतलं नाही. घेतलं ते द्रौपदीनं.

"तुमचं अक्षर बघण्यासारखं आहे हो. वाचण्यासारखं नाही."

झोंबलं त्याला. दोन दिवस तिच्याशी अबोला धरला, जेवायला मात्र वेळेवर बसायचा. तिसऱ्या दिवशी शेठला जाऊन म्हणाला, तो संच मोडीत काढा, मी नवा करतो. शेठनं तोंडाला येईल ते सुनावलं, पण ऐकलं.

आता गाठी सोडवल्या, रेघ सगळीकडे एकाच जाडीची केली, ब चं पोट मोठं केलं. दर रविवारी नमुन्याची पाटी घरी आणायची, मशिनचं तेल फासायचं, फडक्यानं पुसायची आणि खिडकीत उभी करायची. द्रौपदी दहा पावलांवरून वाचणार. ती लग्नानंतर प्रौढांच्या वर्गात शिकलेली, त्यामुळे अंदाजानं वाचणं तिला जमतच नसे. अडली की अडली, अक्षर पुन्हा काढायचं. ब पास झाला, च झाला. द काही होईना. सात वेळा काढला, सातही वेळा तेलानं भरला.

शेवटी ती वैतागली. पिठाच्या हातानंच पेन्सिल घेतली आणि तिचा द काढला. सरळ उतरती रेघ, मोकळं पोट, लांब शेपूट, गाठबीठ काही नाही. वर्गातल्या बाई ह्याच द वरून तिला रोज टोकायच्या.

"हा द आहे की घमेलं?" खंडू हसला. पण कोरला.

तेल फासलेली ती पाटी वाचायला त्यानं कमळला बोलावलं. ती चाळीच्या गॅलरीतूनच म्हणाली, "बंद." खंडू बायकोसमोर, शेजारणीसमोर ढसाढसा रडला.

पुढे ती अक्षरं मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या कारखान्यांत गेली. संचाला नाव पडलं शिवदासशेठचं. खंडूला ते आयुष्यभर खुपलं, आणि तो तसं बोलूनही दाखवायचा. द्रौपदीला त्याचं काही नव्हतं. प्रेसवर नवी बाई आली की काम शिकवण्याआधी ती तिचं बोट धरून पाटीवर टेकवायची.

"हा द माझा आहे," ती सांगायची. "हा दिसला नाही, तर मशिनला हात लावायचा नाही."