अर्ध्या प्रार्थनेतून आलेल्या बाई

ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला आमच्या गणिताच्या बाई आठवतात. बाई ख्रिस्ती होत्या, आणि त्यांच्या रविवारच्या पांढऱ्या साडीला हाच वास होता. अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो तेव्हाची गोष्ट. एका शुक्रवारी मी एक गणित निराळ्याच रीतीने सोडवलं, तर मी कॉपी केली असं म्हणत बाईंनी मला भर वर्गात उभं केलं. आता शाळेत जाणारच नाही, असं मी घरी जाहीर केलं. रविवारी सकाळी आई पोहे परतत होती, तेवढ्यात बाई दारात उभ्या, हातात माझी वही. "प्रार्थना अर्धी सोडून आली," त्या बाबांना म्हणाल्या. "आमच्या शास्त्रात सांगतलं हाये, कोणाचं मन दुखवलं असंन तं आधी त्याच्याशी समेट कर, मंग देवापुढे ये. मी साऱ्या वह्या पाह्यल्या, हिच्या गणिताची रीत वर्गात दुसऱ्या कोणाच्याच वहीत नाही. माफी मागाले आली." बाबा वकील, तरी गडबडले. "बाई, लेकराची कायले माफी मागता? अन् उद्या शाळेत बोलल्या असत्या तरी चाललं असतं." "उद्या वर्गातही मागणारच हाये. बोलली तं वर्गातच होती ना!" मग त्या सतरंजीवर बसल्या, वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "आता मले शिकव, हे कसं केलं?" आज मी अमरावतीत गणितच शिकवते. चर्चची पायरी मी कधी चढले नाही. पण परवा एका मुलीवर विनाकारण ओरडले, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली. तर तीच मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, फळ्यावरचं उत्तरही चुकलं हाये." मी खडू तिच्या हातात दिला.