डब्यातली माती

अमोनियाचा वास आला की कल्याणचं आमचं ऑफिस आठवतं, कारण नकाशांच्या प्रतींना तोच वास असायचा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शहराच्या आराखड्यात मानपाड्याजवळचा एक भाजीचा मळा मी घरांसाठी पिवळा रंगवलेला, तीन दिवस मान मोडून. आता साहेब शाबासकी देणार, एवढ्यात नवी सर्व्हेअर बाई चिखलाच्या चपलांनी आत आली आणि तिने आपला जेवणाचा डबा त्यांच्या टेबलावर उघडला. आत त्याच मळ्यातली माती, गांडुळांसकट! "साहेब, वरच्या चाळींचं सगळं पाणी ही जमीन पिते. मळेवाली आजी म्हणते, इथे भराव टाकलात तर खालच्या विहिरी आटतील." एरवी मान वर न करणारे साहेब उभे राहिले, मातीत बोटं घालून बघितली आणि मला म्हणाले, "अरे, हे हिरवं कर, मोकळंच राहू दे." माझा नुसता जळफळाट झाला. माझ्या तीन दिवसांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. दात-ओठ खात मी हिरवा रंग कालवला. आज तिथे झाडं आहेत, खालच्या विहिरींना पाणी आहे. नातवाला घेऊन गेलो की मी सांगतो, "ही जागा आजोबांनी वाचवली." त्या सर्व्हेअर बाईचं नाव मला अजून पाठ आहे, पण इथेही लिहवत नाही.