डेंग्यूनंतरची वेणी

बायकोचा डेंग्यूचा ताप उतरला, तेव्हा आम्ही सुटलो असंच मला वाटलं होतं. देवबागच्या आमच्या घरात ती पुन्हा स्वयंपाकाचं बघायलाही लागली होती. एका सकाळी मात्र केस विंचरता विंचरता ती खाली बसली. म्हणाली, "हात वर धरूक जमना नाय माका. दम लागता."

तिला लगेच मालवणला नेलं. हृदयाची इको तपासणी करून डॉक्टर म्हणाले, "डेंग्यूमुळे हृदयाच्या स्नायूंना सूज आलीय. बहुतेकांची उतरते, पण आता पूर्ण विश्रांती हवी." परतताना रिक्षात तिने माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वेणी माझ्याकडे आली. मी होडीवर वाढलेला माणूस, पेड जोरात आवळायचो. "अरे, केस आसत ते, होडयेचो दोर नाय!" म्हणून ती हसायची. हसतानाही तिला धाप लागली, की मी फणी धरून थांबायचो. ती पाठमोरी असायची, त्यामुळे माझा चेहरा तिला दिसत नसे, हे बरंच होतं.

पर्यटकांचा हंगाम सुरू होईपर्यंत तिचं हृदय सावरलं. डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिली. दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर तिने स्वतःच वेणी घातलेली. मला फार आनंद झाला, आणि थोडं चुकल्या-चुकल्यासारखंही वाटलं. तसं मी तिला सांगितलं.

"मगे आयतवारी चर्चात मिसाक जाताना तू घाल," ती म्हणाली.