चौदा मिनिटांचं यंत्र

पाराकाकांनी एकतीस वर्षांत एकही तापमान अंदाजाने लिहिलं नाही. एवढीच त्यांची कीर्ती, आणि तीही एका कोल्ड स्टोरेजच्या आवारापुरती. सफरचंदांच्या सहा खोल्या, प्रत्येक दारावर एक थर्मामीटर आणि दर दोन तासांनी भरायची एक वही. बाकीचे ऑपरेटर खुर्चीतून न उठता मागचा आकडा पुढे ओढत. हे जाकीट चढवून सहाही दारांशी जात, चष्मा पुसत, पारा बघत आणि मगच लिहीत. एकदा सुपरवायझरने सांगितलं, तीन नंबरच्या खोलीत दोनाच्या जागी एक लिहा, उद्या तपासणी आहे. यांनी दोनच लिहिलं. त्यानंतर बढतीने पाठ फिरवली ती कायमचीच, आणि ‘पारा’ हे नाव चिकटलं. पुढे गल्लीनेही तेच उचललं.

त्या वहीत शेवटी एक अरुंद रकाना असे. यंत्र बंद झालं तर कसं झालं, हे तिथे लिहायचं. दोनच शब्द चालत. ‘आपोआप’ म्हणजे दोष यंत्रात, मेकॅनिकला बोलवा. ‘हाताने’ म्हणजे कुणीतरी बंद केलंय, त्याने उत्तर द्यावं.

निवृत्तीला सात वर्षं झाली, बायको जाऊन तीन. घर दोन खोल्यांचं. टेबलाशी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांची चळत. दूधवाल्याशी दोन वाक्यं, औषधाच्या दुकानात एक, की दिवसाचं बोलणं संपलं. मुलगा दोन विमानं बदलून जावं लागेल अशा शहरात राहतो. तो दर रविवारी सकाळी दहाला मोबाइलवर दिसायचा, पण काकांचा हात थरथरतो. “बाबा, मला तुमचं छत दिसतंय,” असं त्याने चार-पाच वेळा सांगितलं आणि शेवटी आपल्याकडचा जुना मिनी पीसी पार्सलने पाठवून दिला.

जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र. सोबत सात ओळींचा कागद: ही वायर टीव्हीला, कॅमेरा टीव्हीच्या डोक्यावर, कीबोर्डचं बटण मागे आहे, वगैरे. सातवी ओळ अशी होती: घाबरू नका, जळत नाही. काकांनी एका दुपारी सगळं जोडलं. पहिल्या रविवारी मुलगा टीव्हीवर आला तो एवढा मोठा, की त्याच्या दाढीतले पांढरे केस मोजता यावेत. काका ते मोजत असतानाच, चौदाव्या मिनिटाला, पडदा काळा झाला.

मुलाचा मेसेज आला, ‘बंद पडलं का?’ यांनी ‘हो’ लिहिलं. ‘चालेल, पुढच्या रविवारी.’

पुढच्या रविवारीही चौदा. त्याच्या पुढच्याही. असे बारा रविवार गेले. काकांनी एक जुनी वही काढली, रेघा मारल्या आणि आकडे भरायला घेतले: वेळ, खोलीचं तापमान, किती मिनिटं. शेवटच्या रकान्यात बारा वेळा ‘आपोआप’.

चौदा मिनिटांत काही बोलणं होत नाही, असं त्यांचं मत होतं. पहिली तीन ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ यात जातात. मग नात येऊन हात हलवते, सूनबाई तब्येत विचारते, आणि आता खरं बोलायचं म्हणावं तर अंधार. मुलाला सांगायच्या गोष्टी ते आठवडाभर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवत. सात-आठ तरी होत. तिसरीच्या पुढे कधी जाता आलं नाही. मुलाच्याही मनात असंच काहीबाही राहून जात असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मध्ये फक्त यंत्र आडवं येत होतं.

तेराव्या रविवारी ते अकराव्याच मिनिटाला गेलं. त्याला कारण काकाच होते. खोली पश्चिमेची, दुपारनंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो. तेव्हा बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून त्यांनी पहिल्या दिवशीच यंत्र, पार्सलमधून ज्या थर्माकोलच्या पेटीत आलं, तिच्यातच बसवलं होतं, वायरींपुरती भोकं पाडून. आणि त्या आठवड्यात त्यांनी फटीही चिकटपट्टीने बंद केल्या. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं: दार घट्ट लावा, फट बुजवा, थंडी राखा.

अकराचा आकडा वहीत लिहिताना हात थांबला. त्यांनी थर्मामीटर आणला. खोली एकतीस. पेटीच्या आत एकोणपन्नास.

त्यांना हसू फुटलं. तोडलेलं सफरचंदसुद्धा श्वास घेतं, स्वतःची ऊब सोडतं, म्हणून तर पेट्यांमध्ये चार बोटांची जागा सोडायची, हे त्यांनीच कित्येक नव्या ऑपरेटरांना शिकवलं होतं. आणि इथे धगधगत्या यंत्राला बाहेरच्या उन्हापासून जपत बसले होते. बायको असती तर तिने ही गोष्ट आल्या-गेल्याला वर्षभर पुरवली असती. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ते पुन्हा एकदा हसले, जरा कमी.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली बाई मात्र पोट धरून हसली. “काका, तुम्ही त्याला स्वेटर घातलात आणि वर विचारताय घाम का येतो.” तिने त्यांना एका पेन ड्राइव्हवर दोन प्रोग्रॅम दिले. एक आतलं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारा, दुसरा बेंचमार्कचा. हा दुसरा यंत्राला तीन मिनिटं जीव खाऊन राबवतो आणि शेवटी गुण देतो. गुण किती यावर जाऊ नका, असं तिने समजावलं. लागोपाठ दहा वेळा चालवा आणि पहिला आकडा नि दहावा आकडा शेजारी ठेवा. तापलं की यंत्र आपणच हळू होतं, जीव वाचवायला. तरी तापलंच तर मग बंद.

हे काम काकांना मनापासून पटलं. पेटी काढली, यंत्र उघड्या टेबलावर चार बोटं जागा सोडून ठेवलं आणि चाचणी लावली. पहिल्या फेरीत अठराशे चाळीस. चौथ्या फेरीत तेराशे नव्वद, तापमान शहाण्णव. सहाव्या फेरीच्या मध्यावर पडदा काळा. म्हणजे दोष नुसत्या पेटीचा नव्हता.

दुकानातल्या बाईने फोनवर सांगितल्याप्रमाणे त्यांनी ते उघडलं. बुडाच्या रबरी पायांखाली चार स्क्रू होते. आतल्या पंख्याच्या पात्यांवर राखाडी धुळीचा जाड थर, मुलाच्या घरातला. ब्रशने काढताना त्यातून पिवळ्या लोकरीचे धागे निघाले, बोटभर लांब, चांगले पाच-सहा. त्या घरात पिवळं काय होतं, ते काकांना आठवेना. मग लक्षात आलं की आठवायला मुळात ते घर त्यांनी पाहिलेलंच नाही. धागे त्यांनी कचऱ्यात टाकले. चिपची उष्णता बाहेर वाहून नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि दुकानातून आणलेली नवी, तांदळाच्या दाण्याएवढी, लावली. हात थरथरत होता, म्हणून मनगट टेबलाला टेकवून.

शुक्रवारी दहा फेऱ्या झाल्या. पहिली अठराशे सत्तर, दहावी अठराशे अठ्ठावन्न. तापमान एकाहत्तरावर स्थिर. बाजूच्या जाळीवर हात धरला तर गरम वाऱ्याची सरळ रेघ लागत होती. त्यांनी दुकानात फोन करून आकडे वाचून दाखवले.

“झकास,” बाई म्हणाली. “आता एवढ्या ताकदीवर करणार काय?”

“रविवारी मुलाशी बोलणार.”

“बोलायला एवढा दम लागत नाही हो काका.”

रविवारी दहाला मुलगा दिसला. यांनी यादी हातात धरली होती. जिन्यातला दिवा बदलला. शेजारच्यांनी घर विकलं. डोळ्यांचा नंबर बदलला नाही. एकेक गोष्ट सांगावी, मुलाने ‘अच्छा’ म्हणावं. आठवी गोष्ट संपली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. कोपऱ्यात पासष्ट अंश.

बाराव्या मिनिटाला दोघेही हसले, काही कारण नसताना. मग काकांनी विचारलं, “तुमच्याकडे पिवळं काय आहे रे? लोकरीचं?”

“पिवळं?” मुलगा जरा वेळ आठवत राहिला. “अच्छा, ते. मांजरीची घोंगडी होती. यंत्राशेजारीच झोपायची ती, ऊब लागते म्हणून.”

“तुमच्याकडे मांजर आहे?”

“होती. सहा वर्षं. गेली मागच्या वर्षी. मी बोललो नव्हतो का तुम्हाला?”

“नाही.”

“राहिलं असेल.”

चौदावं मिनिट लागलं. मुलाची नजर खाली उजवीकडे गेली, जिथे घड्याळ असतं. त्याच्या मागे दाराशी सूनबाई बूट घालून उभी होती, आणि नात पोहण्याची पिशवी खांद्याला लावून. दोघी पडद्याकडे पाहत होत्या, बस यायच्या दिशेला पाहावं तशा. काकांच्या एकदम ध्यानात आलं. सव्वादहाला त्यांना निघायचं असतं. दर रविवारी निघायचं असतं. त्या तिघांनी आपली सकाळ या यंत्राच्या तापण्यावर बेतली होती.

“आज बरं चाललंय,” मुलगा म्हणाला.

“हो.”

पंधरावं मिनिट गेलं. नातीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मुलगा इंटरनेटचा वेग विचारायला लागला. सोळाव्या मिनिटाला काकांनी कोपऱ्याकडे पाहिलं. सहासष्ट.

“तापायला लागलंय रे,” ते म्हणाले. “नव्वदीला आलंय. ठेवतो.”

“हो, हो, बाबा, ताणू नका,” मुलगा लगेच म्हणाला, आणि त्याचे खांदे सैल झाले. “जुनंच आहे ते. पुढच्या वेळी नवीन पाठवतो.”

“कशाला? याच्यावर चाललंय.”

सूनबाईने हात हलवला. नात तोवर दाराबाहेर गेली होती. काकांनी कॉल बंद केला, मग यंत्र. पंखा दोन क्षण फिरून थांबला.

त्यांनी चष्मा पुसला आणि वही ओढली. वेळ दहा सोळा. खोली तीस. यंत्र सहासष्ट. शेवटच्या रकान्यात वरपासून तेरा वेळा ‘आपोआप’ लिहिलेलं होतं. त्याच्या खाली त्यांनी नीट अक्षरात लिहिलं, ‘हाताने’.